न विचारता आणलेलं पील

मुंबईला जाणाऱ्या आमच्या विमानापुढं बोर्डावर उशिराचा तो लाल शब्द पुन्हा उमटला, तेव्हा माझ्या मनात घर आलं नाही, नवरा आला नाही, सासूही आली नाही. मनात आलं ते एवढंच, की आता ते सुकेल. हात आपोआप मांडीवरच्या पिशवीवर गेला. आजूबाजूची माणसं उठून काउंटरकडे धावत होती, कुणी मोबाइल कानाला लावून भांडत होतं, एक बाई सरळ फरशीवर फतकल मारून बसली होती, आणि मी पिशवीत बोटं घालून आतलं फडकं अजून ओलं आहे ना, ते चाचपत होते. मला माझंच नवल वाटलं. पहिल्यांदा परदेशात आलेली, समुद्रावरच्या वादळामुळे मनिलाच्या विमानतळावर अडकलेली पंचेचाळिशीची बाई; तिनं घाबरायला हवं, निदान चिडायला तरी हवं. मी मात्र उत्सुक होते. फडक्याच्या आत ते किती वाढलंय हे मला बघायचं होतं, आणि त्यासाठी बायकांच्या टॉयलेटमधली गर्दी कधी ओसरते याची वाट बघत मी तिथं शहाण्यासारखी बसून होते.

ते म्हणजे केळीचं पील. आईच्या बुंध्याला बिलगून जमिनीतून वर येतं ते पिल्लू. हे फारच लहान होतं. खाली कांद्याएवढा कंद आणि वर बोटभर कोंब. चोरीचं होतं. आता इतकं सांगितलंच आहे तर हेही सांगते, की मी बुऱ्हाणपुरात एका खाजगी शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवलं आहे. सासरे गेल्यावर निंबोला गावातली आमची केळीची बाग बघायला कुणी उरलं नाही. नवऱ्याचं, धर्मेंद्रचं, शहरात इतवाऱ्यात कापडाचं दुकान. त्याला केळीचं पान आणि कर्दळीचं पान यातला फरक अजून नीट सांगता येत नाही. म्हणून मी शाळा सोडली आणि शनवाऱ्यातल्या घरातून रोज सकाळी स्कूटीवर निंबोल्याला जायला लागले. पहिल्या वर्षी गावातले लोक हसले, दुसऱ्या वर्षी विचारायला यायला लागले. रोपं विकणाऱ्या एका कंपनीनं चांगला माल काढणाऱ्या शेतकऱ्यांना फिलिपाइन्सच्या बागा दाखवायला नेलं, त्यात माझं नाव आलं. परतताना बाकीची मंडळी आधीच्या विमानानं निसटली. जागा कमी पडल्या म्हणून मी आणि शेजारच्या गावचे वसंतभाऊ असे दोघं मागं राहिलो, आणि मग वादळ आलं.

वसंतभाऊ साठीचे, पोटानं थोर, बोलण्यात पटाईत. पहिल्या उशिराला त्यांनी विमान कंपनीची आई-बहीण काढली, दुसऱ्या उशिराला देवाची, आणि त्यानंतर ते कुपनावर मिळणाऱ्या गोड पावाच्या भजनी लागले. ‘वहिनी, अटकलोच आहे तं खाऊन घ्या’, असं म्हणून त्यांनी माझ्याही वाटचा पाव खाल्ला. मला भूक नव्हती. मला सारखं वाटत होतं की पिशवीतून वास येतोय, ओल्या मातीचा आणि केळीच्या चिकाचा, आणि तो सगळ्यांना येतोय. तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली तेव्हा पडद्यावर ते काय दिसलं असेल? मुळा दिसला असेल का? तिथला माणूस पडद्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं जांभई दिली आणि पिशवी पुढं ढकलली. त्या जांभईचा मला इतका आनंद झाला की मी त्याला नमस्कार करता करता थांबले.

माणूस चोरी कशाला करतो याचा मी त्या खुर्चीवर बसून बराच विचार केला. ज्या म्हातारीच्या परसातून मी ते उचललं तिला मागितलं असतं, तर तिनं चार पिलं काढून दिली असती, वर केळफूलही दिलं असतं. पण आमच्या घरात मागून आणलेलं झाड लावत नाहीत. सासूबाईंना, मथुराबाईंना, घरात सगळे माय म्हणतात. मायच्या निंबोल्याच्या अंगणात विकत घेतलेलं किंवा मागून आणलेलं एकही झाड नाही. जास्वंद कुठल्याशा साहेबाच्या बंगल्याच्या कुंपणातून, मोगरा वऱ्हाडात गेली होती त्या मांडवाच्या मागून, कढीपत्ता स्वतःच्या विहीणबाईंच्या परसातून. माय म्हणते, मागून आणलेल्या रोपात देणाऱ्याचा जीव अडकलेला असतो, ते धरत नाही. न विचारता आणलं की धरतं. आणि ही एकटी मायची गोष्ट नाही. मायच्या मोगऱ्याची फांदी शेजारीण कोकिळा न विचारता घेऊन गेली, तेव्हा माय खिडकीतून बघत होती आणि खूश होती. कोकिळेच्या दारातून ती फांदी कुठं कुठं गेली याचा पत्ता नाही. सगळ्या निंबोल्याची अंगणं अशी एकमेकांतून उचललेली आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा या प्रकाराला हसत असे, कलम कसं धरतं ते मायला शास्त्रशुद्ध समजावून सांगत असे. माय ऐकून घेई आणि पुढच्या लग्नाला जाताना पदराला ओलं फडकं बांधून घेई. फिलिपाइन्समधल्या दावाओच्या त्या परसात मी पर्समधून रुमाल काढला आणि पाण्याच्या बाटलीनं ओला केला, तेव्हा हात माझे होते पण हालचाल सगळी मायची होती.

ते परस टूरमधलं नव्हतं. टूरमधल्या बागा मोठ्या, कंपन्यांच्या, आणि तिथं शिरणं म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत शिरण्यासारखं होतं. दारात आमच्या पायातलं काढून घेत, त्यांचे रबरी बूट देत, निळ्या औषधाच्या हौदातून चालवत, बसची चाकंसुद्धा फवारत. मर रोगासाठी हे सगळं, असं सोबतच्या माणसानं सांगितलं होतं. हा रोग मातीत राहतो. पान कडेनं पिवळं पडतं, खोड आतून तांबूस होतं, झाड उभ्याउभ्या मरतं, आणि त्या मातीत पुन्हा कित्येक वर्षं केळी लावता येत नाही. बुटाच्या खाचेत अडकलेली चिमूटभर माती दुसऱ्या गावाला पुरते. मी ते लक्ष देऊन ऐकलं होतं. वसंतभाऊंना नीट मराठीत सांगितलंही होतं. शेवटच्या दिवशी बस एका खेड्यात जेवायला थांबली. मला डब्यातला भात नको होता, म्हणून पाय मोकळे करायला मी मागच्या गल्लीत गेले. एका म्हातारीच्या घरामागं मोरीच्या पाण्यावर वाढलेलं केळीचं बेट होतं आणि दारात एक घड टांगलेला होता. ठेंगणी, जाड सालीची केळी. तिनं मला बघितलं, हसली आणि दोन केळी तोडून हातावर ठेवली.

ती खाल्ली आणि मी तिथंच थांबले. जिभेला आधी कळलं, मला नंतर. ही आमच्या न्हाणीमागची केळी होती. माझं माहेर बुऱ्हाणपूरजवळच्या शहापूरकडचं. तिथं आमच्या न्हाणीच्या मागं साबणाच्या पाण्यावर असंच एक बेट होतं. गर किंचित नारिंगी, आधी आंबट, मग गोड, आणि गिळल्यावर घशात एक थंडावा. त्याला नाव नव्हतं. बाजारात ती विकायला कधी गेली नाही, कारण साल जाड आणि घड लहान. उन्हाळ्यात आंघोळ करून केस ओले असतानाच मी ती खात असे आणि साली मागच्या मागं फेकत असे. पुढं सगळीकडे एकच जात आली, ठिबक आलं, आणि बापानं एका दुपारी ते बेट खणून काढलं. मी तेव्हा नववीत असेन. मला वाईट वाटल्याचं काही आठवत नाही. आठवतं ते हे की त्या जागी नवीन संडास झाला आणि आम्ही सगळे खूश होतो. मग तीस वर्षं गेली, त्यातली शेवटची काही मी स्वतः केळी लावली, विकली, मोजली, आणि ती चव गेली आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. परक्या देशात परक्या म्हातारीच्या दारात माझे डोळे भरून आले. ती अजून केळी आणायला आत गेली तेवढ्यात मी वाकले, बेटाच्या कडेचं सगळ्यात लहान पील हातानं हलवलं, ते सुटलं, आणि मी ते रुमालात गुंडाळलं. वरचं टोक पिशवीत मावेना, म्हणून मोडून टाकलं.

मनिलाहून मायला फोन लावला तेव्हा राहवलं नाही म्हणून हळूच सांगून टाकलं. विमान कधी निघणार हे तिनं विचारलंच नाही. कुणाला विचारून घेतलं का, एवढं विचारलं. नाही म्हटल्यावर तिचा आवाज खुलला. मग रोज फोन झाला की आधी पिलाची चौकशी, मग माझी. पाणी फार घालू नको, कंद कुजेल; हवा लागू दे; उन्हात नको ठेवू. इथं ऊनच नाही माय, चोवीस तास ट्यूबलाइट आहे, असं मी सांगितलं तर तिला त्याचं फार आश्चर्य वाटलं. ‘मंग त्याले रात कशी कळते व?’ असं तिनं विचारलं. मला तो प्रश्न इतका आवडला की फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्याचाच विचार करत बसले. मलाही तिथं रात्र कळत नव्हती. माणसं बॅगांवर डोकी ठेवून झोपत होती, उठत होती, दात घासत होती, आणि दर थोड्या वेळानं बोर्डाकडे बघून परत बसत होती.

पण त्याला कळत होतं. गर्दी कमी झाली की मी टॉयलेटच्या आतल्या खोलीत जाऊन कडी लावायची आणि फडकं उघडायची. केळीचं खोड कापलं की मधलं पान थांबत नाही. ज्यानं बागेत कोयता चालवला आहे त्याला हे माहीत असतं. सकाळी कापा, दुपारी मधला गाभा वर आलेला दिसतो. मी मोडलेल्या जागेतून फिकट पोपटी सुरळी वर येत होती. पहिल्या उशिराला ती नखाएवढी होती. विमान रद्द झाल्याचं सांगितलं तेव्हा ती पेराएवढी झाली. शाळेत मुलांना मी वाढ म्हणजे काय हे फळ्यावर आकृत्या काढून शिकवत असे, आणि इथं ती माझ्या तळहातावर चालली होती. माती नाही, ऊन नाही, आई नाही, तरी याला वर यायचं होतं. मला त्याचं फार कौतुक वाटलं. खरं सांगायचं तर उशीर झाला की मला थोडं बरं वाटायला लागलं होतं, कारण पुढच्या वेळी उघडल्यावर काय दिसेल याची ओढ होती. मुलगा लहान असताना मी त्याला असं बघितलं नव्हतं. तेव्हा कामंच इतकी असत.

मग ते हाताचं प्रकरण झालं. वसंतभाऊ तीन खुर्च्या अडवून आडवे झाले होते आणि घोरत होते. त्यांचा एक हात खुर्चीच्या कडेवरून खाली लोंबत होता, मनगटातून मोडल्यासारखा, बोटं फरशीकडे. मी चहा पीत होते. सहज त्या हाताकडे बघितलं आणि चहा तोंडातच राहिला. हा हात मी पाहिला होता. म्हातारीच्या परसाला लागून एक मोकळी जागा होती, गवत माजलेलं. एवढ्या सुपीक मुलखात ही जागा अशी पडीक का, म्हणून मी खुणेनं विचारलं होतं, इथं काय होतं? म्हातारीनं हात वर धरला होता आणि मनगटातून खाली सोडून दिला होता. तसाच लोंबता. मग ती हसली होती, आपण पाहुण्यांपुढं हसतो तशी, आणि मी पण हसले होते. मला वाटलं होतं, दमले, आता होत नाही, असं काहीतरी ती म्हणतेय. वसंतभाऊंचा हात बघताना मला कळलं की तो हात म्हणजे पान होतं. मर लागलेल्या केळीचं पान देठातून असंच मोडतं आणि खोडाभोवती लोंबत राहतं. शेजारची सगळी बाग मेली होती, आणि मी तिच्या बांधावरून पील उपटलं होतं, कंदाला माती धरून.

धावत टॉयलेटमध्ये गेले, कडी लावली, फडकं सोडलं. नवल असं की भीतीच्या बरोबरीनं मला बघायचंही होतं. जवळ चाकू कुठला असणार; मी अंगठ्याच्या नखानं कंदाची साल सोलली. पांढरा. अजून खरवडला. पांढराच, ताज्या नारळासारखा. मी फ्लशच्या टाकीला टेकून उभी राहिले आणि मोठ्यानं श्वास सोडला. तांबडी रेघ नाही, म्हणजे रोग नाही. हे वाक्य मी मनात दोनदा म्हटलं आणि दुसऱ्या वेळी मला ते वर्गातल्या ढ पोराच्या उत्तरासारखं वाटलं. लहान पिलाला रोग असला तरी दिसत नाही, हे टूरमधल्या बागेत सांगितलं होतं आणि मीच ते भाषांतर करून सांगितलं होतं. दिसत नाही म्हणून तर तो एका देशातून दुसऱ्या देशात जातो. आता दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही खऱ्या असू शकत होत्या. हे माझ्या माहेरच्या न्हाणीमागचं निरोगी झाड होतं. किंवा मी मायच्या अंगणात, मायच्या अंगणातून आमच्या बागेत, आणि आमच्या बागेतून सगळ्या तापीकाठाला मरण घेऊन चालले होते. नुसतं बघून कळायला मार्ग नव्हता, आणि मला नुसतं बघून सगळं कळतं असा माझा जन्मभराचा समज होता.

बाहेर आले तर वसंतभाऊ जागे झाले होते. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं, भाऊ, एक विचारू का, समजा कुणी तिकडनं एखादं पील आणलं तर. मी सहज विचारल्याचा आव आणला होता. वसंतभाऊ उठून बसले, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्याकडे सरकले.

‘आनलं का तुम्ही?’

मी पिशवी जवळ ओढून घेतली. त्यांना तेवढं पुरलं.

‘वहिनी, मले एक पील द्याचं पुढल्या साली. कोनाले सांगत नाई. अन देऊ बी नका, मी तुमी नसतानी येऊन काढून नेईन.’

असं म्हणून ते मनापासून हसले. त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं तो लोभ नव्हता. खिडकीतून मोगऱ्याची फांदी जाताना बघून मायच्या डोळ्यांत येतं तेच होतं. मला एकदम सगळी वाट दिसली. माय ते न्हाणीशी लावणार. चव कळली की कोकिळा एका दुपारी येऊन खणणार आणि माय झोपल्याचं सोंग घेणार. वसंतभाऊ नेणार, त्यांच्याकडून त्यांचे व्याही रावेरला नेणार. कुणी कुणाला विचारणार नाही, म्हणून कुणी कुणाला सांगणारही नाही. काही वर्षांनी कुणाच्यातरी बागेत पान मोडून लोंबेल, आणि ते कुठून आलं हे शोधायला निघालेल्या माणसाला एकही दार सापडणार नाही. मला आमचा गाव त्या क्षणी फार आवडला आणि त्याची तेवढीच भीती वाटली.

तरी मी लगेच उठले नाही. खोटं कशाला सांगू, बराच वेळ मी स्वतःशी घासाघीस केली. कुंडीत लावीन, शनवाऱ्यात गच्चीवर, निंबोल्यापासून दूर. औषधात बुडवून ठेवीन. एकदाच घड घेईन, एक फणी मायला देईन, एक मी खाईन आणि मग जाळून टाकीन. पण गच्चीवर माय येणार नाही का? कुंडीतलं पाणी कुठं जाणार? आणि पहिला घड आल्यावर जाळायला माझा हात उठेल, ही खात्री मला कुणी द्यायची? जी बाई तपासणीच्या माणसाच्या जांभईवर खूश झाली, तिच्यावर मी भरवसा ठेवायला तयार नव्हते. मधेच बोर्ड हलला आणि आमच्या विमानापुढं पहिल्यांदा नवी वेळ आली. लोक टाळ्या वाजवायला लागले. मला मात्र वाटलं, अजून थोडा उशीर झाला असता तर बरं झालं असतं.

कोपऱ्यात वाफाळत्या शेवयांचे वाडगे विकणारं दुकान होतं. मी तिथल्या पोरीकडून कागदी वाडगा घेतला आणि शेवया नकोत, फक्त उकळतं पाणी दे असं सांगितलं. तिला ते विचित्र वाटलं, पण दिलं. खिडकीजवळच्या टेबलावर बसून मी फडकं सोडलं. आता लपवायचं काही कारण नव्हतं. सुरळीचं टोक उलगडायला लागलं होतं. आत पानाची घडी दिसत होती, इतकी नाजूक की तिच्यावर मी बोट ठेवलं नाही. मग मी ते पाण्यात सोडलं आणि वरून रुमालही बुडवला. पोपटी रंग डोळ्यांदेखत काळपट झाला. केळफुलाची भाजी शिजताना येतो तसा वास सुटला. वसंतभाऊ लगबगीनं आले, काय शिजवताय म्हणून वाडग्यात डोकावले, आणि मग समोर बसले. मी आणखी दोनदा पाणी बदललं. गार झाल्यावर कंद हातानं फोडला, कारण शेवटी मला बघायचंच होतं. आतून सगळा तपकिरी झाला होता. रोगानं की शिजल्यानं, आता कुणालाच सांगता आलं नसतं. ही गोष्ट मला आयुष्यात कधीच कळणार नाही, हे कळल्यावर मला जे वाटलं ते दुःखापेक्षा जास्त चिडीसारखं होतं. मी सगळं पिशवीसकट मोठ्या कचराकुंडीत टाकलं. त्या परसात घातलेले कापडी बूटही काढून टाकले. वसंतभाऊंनी एवढंच म्हटलं, ‘बुटं तरी चांगली व्हती, वहिनी.’ मग त्यांनी आपल्या चपला उलट्या करून तळवे बघितले.

विमानात मी तिथं मिळालेल्या मोज्यांवरच बसले. मुंबईत रबरी सपाता घेतल्या. पुढं आगगाडीत खिडकीशी बसून बाहेर बघत होते. रावेर आलं, दोन्ही बाजूंना केळीच केळी, आणि मी प्रत्येक बागेत लोंबतं पान शोधत होते. वाऱ्यानं फाटलेली पानं दिसली, ती नेहमीचीच. बुऱ्हाणपूरला धर्मेंद्र घ्यायला आला होता. मला सपातांत बघून तो म्हणाला, ‘हे काय हाल करून घेतले यार तू?’ मी म्हटलं, दमले. आधी घरी आंघोळ कर म्हणाला असता तर बरं झालं असतं, पण माय केव्हाची वाट बघतेय, पहिले निंबोल्याला जाऊ, असं म्हणत त्यानं गाडी असीरगडाच्या रस्त्याला काढलीही. वाटेत मी त्याला काही सांगितलं नाही. हे त्याला सांगून उपयोग नव्हता. हे जिला सांगायचं होतं ती रस्त्याच्या टोकाला बसली होती.

माय फाटकात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकायला. तिच्या मागं न्हाणीच्या बाजूला खणलेला ताजा खड्डा मला दिसला, शेणखत घालून भिजवलेला. मी गाडीतून उतरून डांबरी रस्त्यावरच उभी राहिले. माय पायावर पाणी घालायला पुढं झाली तशी मी मागं सरले. फाटकातलं पाणी उतारानं न्हाणीकडे जातं आणि न्हाणीचं पाटानं बागेत, हे मला त्या वेळेपर्यंत सुचलंही नव्हतं. पाय मी साबणानं कितीदा धुतले होते, तरी हिंमत होईना. धर्मेंद्र चिडला, की म्हाताऱ्या माणसाला असं काय करतेस. तेव्हा मी तिथंच रस्त्यावर उभं राहून मायला सगळं सांगितलं. पडीक जागेचं, लोंबत्या हाताचं, उकळत्या पाण्याचं. माय डोळे बारीक करून ऐकत होती.

मग तिनं विचारलं, ‘जीव व्हता का त्याच्यात?’

‘होता माय. पान काढत होतं.’

‘मंग आत नको येऊ. थांब तिथंच.’

ती आत गेली. मला वाटलं, रागावली, आणि रागावणं बरोबरच होतं. या घरात आलेली कुठलीही फांदी आजवर कुणी मारली नव्हती. वाळकी काडीसुद्धा माय वर्षभर पाणी घालून बघते. धर्मेंद्र मोबाइल काढून दुसरीकडे बघत उभा राहिला. माय आली ती बादली घेऊन, दोन्ही हातांनी उचलत, आणि मला दंडाला धरून रस्ता ओलांडून पलीकडे खडीच्या ढिगाशी घेऊन गेली, जिथून पाणी सरळ नाल्यात जातं. मौतीहून आलेलं माणूस तसंच घरात येत नाही, बाहेर आंघोळ करून येतं, एवढंच ती म्हणाली, आणि नेसत्या कपड्यांवरच माझ्या डोक्यावरून पाणी ओतलं. पाणी गार होतं. मनिलात मला रडू आलं नव्हतं, विमानात नाही, गाडीत नाही. ते आता आलं, हमसून हमसून, रस्त्यानं जाणारे ट्रॅक्टरवाले बघत असताना. माय माझ्या तळव्यांना खडीनं घासत होती, आधी एक पाय, मग दुसरा.

‘मी असती तं मारलं नसतं व,’ ती खाली बघतच म्हणाली. ‘मी लावलं असतं.’

आणि धर्मेंद्रला तिनं दुसरी बादली आणायला सांगितलं.